दुर्बलांना आधार, समस्यांना प्रतिबंध : समाजसंस्थांचे काम समजून घेताना

वस्तीत एखाद्या मुलीची शाळा सुटते. कर्त्या माणसाचे दारूचे व्यसन वाढत जाते. आजारपणासाठी काढलेले कर्ज फिटत नाही. मुले शहरात गेल्यावर म्हातारी आई एकटी पडते. या गोष्टी एका रात्रीत घडत नाहीत. मुलीचे शाळेतील खाडे वाढतात, घरातले भांडे किंवा दागिना गहाण पडतो, म्हातारी विहारात यायची थांबते. या खुणा सर्वांत आधी शेजाऱ्यांना दिसतात. सरकारी कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात प्रकरण पोहोचते, तेव्हा बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. खुणा दिसणे आणि नुकसान होणे यांच्या मधल्या काळात समाजसंस्था काय करू शकते, याची माहिती या लेखात घेऊ.

दोन सुत्तांतील शिकवण

गरिबी आणि गुन्हा यांचा संबंध तथागत बुद्धांनी स्पष्ट सांगितला आहे. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एक राजा प्रजेचे रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यातून चोरी सुरू होते. पकडलेल्या चोराला राजा धन देतो. ते ऐकून इतर लोकही चोरी करू लागतात. मग राजा शिरच्छेदाची शिक्षा देतो, तेव्हा लोक शस्त्रे हाती घेतात आणि हिंसा व असत्य वाढते. राजाने मदतही केली आणि शिक्षाही दिली, पण दोन्ही उशिरा.

कूटदंत सुत्तात याचे उत्तर सापडते. राज्यात लूटमार वाढली असताना पुरोहित राजाला सांगतो की, केवळ दंड देऊन हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, राजसेवकांना अन्न व वेतन द्या. लोक आपापल्या कामात गुंततात आणि राज्यात शांतता नांदते. आजच्या समाजशास्त्रात ज्याला ‘प्रतिबंधात्मक काम’ म्हणतात, त्याची ही अडीच हजार वर्षांची परंपरा आहे.

वसतिगृह, वाचनालय आणि हॉकी क्लब

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. वसतिगृहे काढणे, वाचनालये आणि शिक्षणवर्ग चालवणे, आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी औद्योगिक व शेतकी शिक्षण देणे आणि समाजाची गाऱ्हाणी मांडणे असे तिचे उद्देश होते. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. सोलापूर नगरपालिकेने त्याला दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले. समाजाने संस्था उभी करायची आणि सार्वजनिक निधीतला आपला वाटाही मागून घ्यायचा, ही पद्धत तेव्हापासूनची आहे.

याच काळात मुंबईत मोफत वाचनालय आणि तरुणांसाठी हॉकी क्लब सुरू झाला. जुगार आणि दारूपासून तरुणांचे लक्ष दुसरीकडे वळावे, हा क्लबमागचा हेतू होता. व्यसनाविरुद्ध भाषणे पुष्कळ होतात. पण संध्याकाळी रिकाम्या असलेल्या तरुणाने जायचे कुठे, याचे उत्तर या क्लबने दिले.

याच्या आधीही महाराष्ट्रात हे काम सुरू झाले होते. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. नागपुरात जाईबाई चौधरी यांनी १९२२ मध्ये चोखामेळा कन्याशाळा सुरू केली. पुढे १९४५ मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू झाले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातील खेड्यांतून आलेल्या कितीतरी मुलांसाठी नागसेनवनातील वसतिगृह हे पोटभर जेवण आणि दिव्याखाली अभ्यास मिळण्याचे पहिले ठिकाण होते. धम्मक्रांतीनंतरच्या काळात, १९७९ मध्ये पुण्यात त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे काम सुरू झाले. ‘बहुजन हिताय’ या नावाने त्यांनी बालवाड्या, आरोग्यसेवा आणि वसतिगृहे चालवली.

या साऱ्या कामात वसतिगृह पुन्हा पुन्हा येते. एका खाटेमुळे मुलाचे शिक्षण चालू राहते, बालमजुरी टळते, मुलीचे लग्न पुढे ढकलले जाते आणि पुढच्या पिढीची गरिबी कमी होते.

मदतीची चार अंगे

बौद्ध परंपरेत लोकांना जोडून ठेवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांना चार संग्रहवस्तू म्हणतात. संस्थेचे काम तपासायला त्या आजही उपयोगी पडतात.

*दान :* अन्नधान्य, वह्या-पुस्तके, औषधे, परीक्षेची फी. तातडीची गरज भागल्याशिवाय माणूस पुढचे काही ऐकण्याच्या स्थितीत नसतो.

*प्रियवचन :* मदत घेणाऱ्याचा मान राखणे. धान्याच्या पिशवीसोबत फोटो काढून समाजमाध्यमावर टाकला, तर ते कुटुंब पुढच्या वेळी अडचण लपवते. अडचण लपली की प्रतिबंधाची संधीही जाते.

*अर्थचर्या :* माणसाच्या हिताचे काम चिकाटीने करणे. दाखल्यासाठी तहसील कार्यालयात सोबत जाणे, शाळा सोडलेल्या मुलाच्या घरी चार वेळा जाणे, व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्या माणसाची दर आठवड्याला विचारपूस करणे.

*समानात्मता :* आपण देणारे आणि ते घेणारे असा भेद न ठेवणे. ज्यांच्यासाठी काम चालते, त्यांच्यातील लोक कार्यकारिणीत असले पाहिजेत. एकल महिलांसाठीचा उपक्रम पुरुषांनीच ठरवला, तर वेळ, जागा आणि गरज या तिन्ही गोष्टी चुकतात.

कोणत्या प्रश्नांवर काम होते?

*शाळागळती आणि बालविवाह :* राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले होते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत हा धोका अधिक असतो. आई-वडील कारखान्यावर गेले की वयात आलेल्या मुलीला गावात कोणाजवळ ठेवायचे, हा त्यांचा प्रश्न खरा असतो. केवळ कायद्याचा धाक दाखवून तो सुटत नाही. मुलीची राहण्याची सोय झाली, तर लग्नाची घाई करण्याचे कारणच उरत नाही. लग्न ठरल्याचे कळलेच, तर १०९८ या क्रमांकावर कळवता येते.

*व्यसन :* पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करत आहे. अशा केंद्रातून परतलेल्या माणसाला जुनीच वस्ती आणि जुनेच मित्र भेटतात. पहिले काही महिने सर्वांत नाजूक असतात. त्या काळात विहारातील ध्यानवर्ग, काम मिळवून देणारा ओळखीचा माणूस आणि पत्नी-मुलांना मिळणारा आधार यांची गरज असते.

*आजारपण आणि कर्ज :* धर्मादाय म्हणून नोंदणी झालेल्या आणि कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. ही माहिती नसल्यामुळे कुटुंबे सावकाराकडे जातात. संस्थेच्या कार्यकर्त्याने दाखल होतानाच रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकाची गाठ घालून दिली, तरी कर्जाचा डोंगर टळू शकतो.

*वृद्ध आणि एकल महिला :* संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ योजना अस्तित्वात आहेत. मात्र उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा आणि बँक खात्याला आधार जोडणी यांपैकी एक गोष्ट अडली तरी पेन्शन थांबते. इथे पैशापेक्षा सोबत जाणाऱ्या माणसाची गरज जास्त असते.

शासनाची जबाबदारी सुटत नाही

समाजसंस्थेने सरकारची जागा घेऊ नये. वीस खाटांचे वसतिगृह ही समाजाची मोठी कमाई आहे, पण तालुक्यातील हजारो मुलांची सोय सरकारलाच करावी लागेल. म्हणून मदत आणि हक्काची मागणी बरोबरीने चालावी. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. घरासाठी रमाई आवास योजना आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळू शकतो. या योजना वस्तीपर्यंत पोहोचवणे आणि रक्कम वेळेवर आली नाही तर पाठपुरावा करणे हे संस्थेचे कामच आहे.

हिशेब आणि विश्वास

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. दरवर्षी लेखापरीक्षण करणे आणि विश्वस्त बदलले की बदल अर्ज दाखल करणे बंधनकारक आहे. आपल्या अनेक मंडळांचे काम नेमके इथेच अडते. जुने विश्वस्त वारलेले असतात, नव्यांची नोंद नसते, वाद न्यायालयात जातो आणि विहाराला कुलूप लागते. त्या कुलपामुळे अभ्यासिका बंद होते आणि परीक्षेच्या दिवसांत मुले रस्त्यावरच्या दिव्याखाली बसतात. जमा-खर्च विहाराच्या फलकावर दर महिन्याला लावला, तर संशयाला जागा राहत नाही आणि देणाऱ्यांचे हातही वाढतात.

मुलांबरोबर काम करणाऱ्या संस्थेने आणखी एक काळजी घ्यावी. कार्यकर्ता कितीही जवळचा असला, तरी त्याची पार्श्वभूमी तपासावी आणि मुलांना तक्रार करण्यासाठी सुरक्षित जागा द्यावी.

विसावा भाग

ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरच्या दीक्षा समारंभाच्या वेळी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येक बौद्धाने उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा, असे आवाहन केले होते. दरमहा २० हजार कमावणाऱ्यासाठी ती रक्कम एक हजार रुपये होते. शंभर घरांच्या वस्तीत दहा घरांनी जरी ती नियमित दिली, तरी महिन्याला दहा हजार रुपये जमतात. त्यातून अभ्यासिकेचे वीजबिल, दोन-तीन विद्यार्थ्यांची परीक्षा फी आणि अचानक आलेल्या आजारपणासाठी थोडी शिल्लक निघू शकते.

जयंतीला आपण उत्साहाने वर्गणी देतो. ती द्यावीच, कारण उत्सवातून समाज एकत्र येतो. मात्र मिरवणुकीच्या आवाजावर एका रात्रीत होणारा खर्च आणि वर्षभर बंद राहणारी अभ्यासिका यांचा हिशेब एकदा विहारात बसून मांडायला हवा. पुढच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर एवढेच करा : आपल्या वस्तीत कोणाचे मूल शाळेत जायचे थांबले आहे, कोण आजारी आहे आणि कोण एकटे पडले आहे, याची यादी करा. प्रत्येक नावापुढे भेटायला जाणाऱ्या एका उपासकाचे किंवा उपासिकेचे नाव लिहा. संस्थेचे काम त्या यादीपासून सुरू होते.

नमो बुद्धाय, जय भीम!