मखर, रंगांचा डबा आणि व्यसनमुक्तीचा इतिहास

गणपती हा चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती, असे आपण दरवर्षी म्हणतो. मखर, आरास, रांगोळी, भजन, नाटक यांतून दहा दिवस त्या कलांची सेवाही करतो. हीच कला आजारी मनाला, विशेषतः व्यसनात अडकलेल्या माणसाला उभे करण्याच्या कामी कशी आली, त्याचा थोडा इतिहास लिहावा असे बरेच दिवस मनात होते. कारण घरचेच आहे.

गौलीगुड्यातल्या आमच्या घरी मखर करायचे ते माझे धाकटे काका. पुठ्ठा, खळ, रंगीत कागद आणि पोस्टर कलरच्या बाटल्या एवढेच त्यांचे सामान. एका वर्षी त्यांनी आपल्या जुन्या बसस्टँडच्या अर्धगोल छपरासारखे मखर केले होते. ते पाहायला गल्लीतली माणसे येऊन गेली. २०१८ च्या जुलैत ते छप्पर कोसळले, तेव्हा मला आधी ते मखरच आठवले. पट्टी न घेता सरळ रेघ कशी ओढायची हे मला काकांनीच शिकवले. पुढे डिप्लोमा करून मी सरकारी खात्यात नकाशांच्या कामाला लागलो, त्याचे मूळ तिथे आहे.

काका दारू पीत. १९९४ साली मी सातवीत होतो. गणपतीच्या आठ दिवस आधी वडील म्हणाले, "यंदा मखर विकत आणू. त्याचा हात थरथरतो, आल्यागेल्यासमोर शोभत नाही." रंगांचा डबा आणि ब्रश मीच माळ्यावर ठेवून आलो. काका काही बोलले नाहीत. पाच वर्षांनी ते गेले. त्यांची दारू आम्हाला सोडवता आली नाही. त्यांच्या हातातला ब्रश मात्र आम्ही सोडवला. हे चुकले, असे मला तेव्हा वाटले नव्हते. ते पुढे वाचनातून कळत गेले.

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या मनोरुग्णालयात हान्स प्रिन्झहॉर्न नावाच्या डॉक्टरांनी ठिकठिकाणच्या रुग्णांची हजारो चित्रे जमवली आणि १९२२ साली त्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. वेडा ठरवून कोंडलेला माणूसही काही सांगू पाहतो, हे त्या चित्रांनी जगाला दाखवले. पुढे नाझी राजवटीने त्यांतलीच काही चित्रे टिंगलीसाठी प्रदर्शनात मांडली, आणि १९४० साली त्यांतल्या फ्रान्झ ब्यूलर या चित्रकार रुग्णाला ठार मारले. चित्रे राहिली, माणूस राहिला नाही.

'आर्ट थेरपी' हा शब्द आला इंग्लंडमधून. एड्रियन हिल हे चित्रकार १९३८ साली क्षयरोगाच्या सॅनिटोरियममध्ये पडून होते. वेळ जाईना म्हणून ते खाटेवरच चित्रे काढू लागले. आपल्याला बरे वाटते आहे असे दिसल्यावर त्यांनी शेजारच्या रुग्णांच्या हातीही पेन्सिली दिल्या. १९४२ च्या सुमारास त्यांनी हा शब्द वापरला आणि १९४५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. १९४६ पासून एडवर्ड अ‍ॅडमसन यांनी नेदर्न मनोरुग्णालयात रुग्णांसाठी चित्रशाळा चालवली. त्यांची पद्धत साधी होती. रंग द्यायचे, जवळ बसायचे आणि चित्राचा अर्थ आपण लावायचा नाही.

आपल्या मराठी मुलखात या विचाराला घर मिळाले ते पुण्यात. १९८० नंतर मुंबई-पुण्यात 'गर्द', म्हणजे ब्राऊन शुगर, झपाट्याने पसरली. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दुल्ल्यांमध्ये आणि त्यांच्या घरच्यांमध्ये फिरून त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. यावर उपचाराचे केंद्र काढा म्हणून पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाने १ लाख रुपये दिले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू झाले.

मुक्तांगणात व्यसनीला रुग्ण न म्हणता 'रुग्णमित्र' म्हणतात. औषधांबरोबर तिथे गटचर्चा, योग, श्रमाची कामे, संगीत आणि कला आहे. बऱ्या झालेल्या माणसांतूनच कार्यकर्ते आणि समुपदेशक तयार होतात. पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे, कारण व्यसन एकाचे असले तरी आजारी सगळे घर असते. १९९७ मध्ये अनिताताई कर्करोगाने गेल्या. पुढे त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम सांभाळले.

अवचट स्वतः चित्रे काढीत, लाकूड कोरीत, बासरी वाजवीत. कागद हाती आला की त्याच्या घड्या घालून पक्षी-प्राणी करीत. या छंदांवर त्यांचे 'छंदांविषयी' हे पुस्तकच आहे. यातला कुठलाही छंद ते बक्षिसासाठी करत नव्हते. मला वाटते, व्यसनमुक्तीत कलेचे मर्म इथेच आहे. दारू सुटल्यावर माणसाच्या पदरी रिकामा वेळ पडतो. संध्याकाळचे सात ते दहा हे तास त्याला खायला उठतात. हातांना काम लागते आणि मनाला दारूवाचूनचा आनंद पुन्हा ओळखावा लागतो. शिवाय जे सांगायला लाज वाटते, ते रंगांतून आधी बाहेर येते. ते कुणी तपासत नसले, म्हणजे पुढे तोंडानेही बोलता येते.

मात्र कला हे औषध नव्हे, हेही सांगितले पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू थांबवली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. २०१५ साली तेलंगणात भेसळीच्या कल्लूवर कारवाई झाली आणि तो मिळेनासा झाला, तेव्हा गुंगीच्या औषधांची सवय लागलेली कितीतरी माणसे बडबडत, थरथरत दवाखान्यांत दाखल झाली, हे आपल्याला आठवत असेल. म्हणून डॉक्टर आधी, ब्रश नंतर. कलेचा गुण सगळ्यांना सारखा येतो असेही नाही. इंग्लंडमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर झालेल्या पाहणीत चित्रकलेच्या गटाचा वेगळा फायदा दिसला नाही. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. बरेच जण त्या वर्गांना फारसे गेलेच नव्हते. उलट, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३,००० हून अधिक अभ्यास तपासून, कलेचा मनाच्या आरोग्याला हातभार लागतो असे म्हटले. मधला रस्ता असा दिसतो की उपचार डॉक्टरांचा, आणि कला ही त्या वाटेवरची सोबत.

हैदराबादेत कुणी विचित्र वागले की आपण सहज म्हणतो, "याला एर्रागड्ड्याला पाठवा." निजामाच्या राज्यात हेच मनोरुग्णालय जालन्याला होते, मग इकडे आले. म्हणजे त्या दवाखान्याचे आणि मराठवाड्यातून आलेल्या आपल्या घरांचे नाते जुने आहे. तरी त्याचे नाव आपण थट्टेपुरतेच घेतो. त्या थट्टेच्या भीतीनेच घरे गप्प बसतात. पुण्याच्या आत्याने काकांसाठी मुक्तांगणची कात्रणे पाठवली होती. वडिलांनी ती गीतेच्या पोथीत घालून ठेवली. "आपल्याकडे तसले काही नाही," एवढेच म्हणाले. ते गेल्यावर पोथी उघडली, तेव्हा ती मला सापडली. कडा पिवळ्या पडल्या होत्या. वडील वाईट नव्हते. फक्त घाबरले होते.

म्हणून मंडळाच्या सभासदांना दोन विनंत्या करतो. आपल्या घरांत, ओळखीत कुणी दारू सोडून नव्याने उभे राहू पाहत असेल, तर त्याला वर्गणीच्या पावतीपुरते आठवू नका. मखराला, पडद्याला, रांगोळीला हात लावायला बोलवा. रेघ वाकडी आली तरी राहू द्या. आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत बाटली दिसली तर डोळेझाक करू नका. मदत हवी असेल तर सरकारचा टेलीमानस क्रमांक १४४१६ विनामूल्य आहे. तिथे फोन करण्यात कमीपणा नाही.

रंगांचा तो डबा मी मागच्या वर्षी माळ्यावरून काढला. रंग वाळून खडे झाले होते. ब्रश पाण्यात भिजवून ठेवले, त्यांतले दोन अजून कामाचे आहेत. यंदा आमच्या घरचे मखर हाताने होणार आहे.