निमाडचा गांजा आणि मागावरची पाठ



बऱ्हाणपूरच्या गल्ल्यांतून दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. मागापाशी उभ्याने आयुष्य काढलेल्या एका वृद्ध कारागिराने परवा मला विचारले, "मास्तर, वर्षानुवर्षे पाठ दुखते. भांगेच्या झाडापासून काढलेले ते कॅनाबिडिऑल घेतले तर बरे वाटेल काय?" मी वैद्य नव्हे, इतिहास शिकवितो. म्हणून मी त्यांना इतिहासच सांगितला.

२००३ साली बऱ्हाणपूरचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी ते निमाडात मोडे. याच निमाडात, खांडव्याच्या आसपास, एकोणिसाव्या शतकात सरकारी देखरेखीखाली गांजा पिकविला जाई. १८९३ साली सरकारने या व्यसनाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने १,१९३ जणांच्या साक्षी घेतल्या आणि माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, असा निर्वाळा दिला. मात्र आयोगापुढे मुख्य प्रश्न नशेचा आणि कराचा होता, वेदनेचा नव्हता.

वेदनेचा विचार त्यापूर्वीच झाला होता. १८३९ साली कलकत्त्यास डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी या झाडाचा अर्क प्रथम प्राण्यांना, मग संधिवात व धनुर्वाताच्या रुग्णांना देऊन पाहिला. गुण आला, परंतु एका अर्काचे बळ दुसऱ्यासारखे नसे आणि कोणता अंश काय करतो, हे कोणासच ठाऊक नव्हते.

ते कोडे शंभर वर्षांनी सुटू लागले. १९४० साली अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी कॅनाबिडिऑल वेगळे काढले. १९६३ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम यांनी त्याची रचना उलगडली. पुढल्याच वर्षी त्यांनी नशा आणणारा अंश निराळा काढला. कॅनाबिडिऑलने नशा येत नाही. अपस्माराच्या काही प्रकारांवर त्याचा गुण सिद्ध झाला आहे; मणक्याच्या जुनाट दुखण्यावर मात्र तसा भक्कम पुरावा अद्याप नाही. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांचा परिणाम ते वाढवू शकते.

"म्हणजे घेऊ नको?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, "काका, आधी डॉक्टरांना पाठ दाखवा, चालू असलेल्या गोळ्यांची नावे सांगा, मग त्यांनाच विचारा. १८३९ च्या रुग्णाला बाटलीत काय आहे, हे कळण्याचा मार्ग नव्हता. आपल्याला आहे."