कढईतून डिझेलच्या टाकीत

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. पण वनस्पती तेल दाट, इंजिनात काजळी धरणारं. त्यावर तोड काढली ब्रुसेल्सचे संशोधक शावान यांनी. वनस्पती तेलाची अल्कोहोलशी अभिक्रिया घडवून ते पातळ करण्याचं पेटंट त्यांना १९३७ साली मिळालं आणि पुढच्याच वर्षी ब्रुसेल्स-लूव्हां मार्गावर त्या इंधनाची बस धावली.

खनिज तेल स्वस्त होतं, त्यामुळे ही वाट मागे पडली.

ती पुन्हा उघडली अमेरिकेतल्या गॅरेजांमध्ये. १९९७ साली जोशुआ टिकेल यांनी अशा इंधनावर व्हॅन देशभर फिरवली. नॉर्थ कॅरोलिनातल्या पीडमाँट बायोफ्युएल्ससारखे सहकारी गटही पुढे उभे राहिले. हॉटेलांतलं तळणीचं तेल आणून गाळायचं, त्यातलं पाणी उडवायचं, साधारण ५५ अंशांपर्यंत तापवायचं, मग मिथेनॉलमध्ये विरघळवलेला कॉस्टिक सोडा मिसळून ढवळायचं. काही तासांत गडद तपकिरी ग्लिसरीन तळाशी बसतं आणि वर सोनेरी इंधन, म्हणजेच बायोडिझेल, राहतं. मिथेनॉल विषारी आणि झटकन पेट घेणारं, त्यामुळे जाणत्या सोबत्यांचा मोठा आधार असे.

भारतात २०१८ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वापरलेलं तेल बायोडिझेलकडे वळवण्याची मोहीम सुरू केली.