काँक्रीटचे पहिले दिवस

कर्जत-खालापूर भागात फाटकापासून ओट्यापर्यंत काँक्रीटची गाडीवाट करण्याची पद्धत आता चांगलीच रुजली आहे. पूर्वी येथे शेणाने सारवलेले अंगण असे. ते वरचेवर सारवावे लागे. काँक्रीट आले की ही कटकट संपली, असे वाटते. मग वर्षभरातच झाडूबरोबर पांढरी धूळ निघू लागते, मोटारसायकलखाली तेलाचा काळा डाग बसतो आणि वरून कोणता लेप द्यावा याची चौकशी सुरू होते. आमच्या मते ही चौकशी फार उशिरा होते.

बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. त्याच्या सहाच वर्षे आधी, १८२४ मध्ये, इंग्लंडमधील लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले होते. पण त्याचा रस्ता करण्याचे धाडस व्हायला बराच काळ जावा लागला. अमेरिकेत ओहायो राज्यातील बेलफाँटेन या गावी जॉर्ज बार्थोलोम्यू यांनी १८९१ मध्ये काँक्रीटचा एक पट्टा घातला. घोड्यांच्या नालांखाली तो टिकेल का, अशी गावकऱ्यांना शंका होती. बार्थोलोम्यूंना ५,००० डॉलरच्या हमीवर पाच वर्षांची खात्री द्यावी लागली! घोडे घसरू नयेत म्हणून पृष्ठभागावर चौकटीच्या रेघा पाडल्या होत्या. तेथील १८९३ चा काँक्रीटचा रस्ता आजही पाहायला मिळतो.

काही काँक्रीट शंभर वर्षे टिकते आणि काही वर्षभरात भुसभुशीत का होते? शिकागोतील डफ अ‍ॅब्रम्स यांनी १९१८ मध्ये याचे मोठे उत्तर दिले. काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. सिमेंटच्या रासायनिक क्रियेला त्याच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी पुरते. काम सोपे व्हावे म्हणून आपण जास्त घालतो. हे जादा पाणी उडून गेले की त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रे उरतात. तेल शिरते ते याच छिद्रांतून.

येथे एक गंमत आहे. कालवताना पाणी जास्त नको, पण घट्ट झाल्यावर मात्र ते हवेच. काँक्रीट ‘वाळून’ घट्ट होत नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावते आणि त्यातून तयार होणारा पदार्थ छिद्रे बुजवीत जातो. पृष्ठभाग उन्हात सुकला की ही क्रिया तेथेच थांबते. डाग आणि झीज यांचे भवितव्य त्या वरच्या काही मिलिमीटरांत ठरते. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, कोरड्या उष्ण हवेत १० दिवस ओलावा हवा. राखमिश्रित सिमेंटला अशा हवेत १४ दिवस द्यावेत.

अडचण येते ती नेमकी येथे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तो खालापूरवरून जातो. अशा मोठ्या कामात पाण्याची व्यवस्था आधीच ठरलेली असते. वाडीवरचा रस्ता किंवा शाळेचे पटांगण मात्र एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आत उरकायचे म्हणून केले जाते. तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात. पिण्याच्या हंड्यासाठी पायपीट करणाऱ्या बाईने अंगणावर पाणी ओतावे, असे कोणत्या तोंडाने सांगावे? म्हणून हे काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करावे असे आम्ही सुचवतो. तेव्हा विहिरीला पाणी असते, ऊनही सौम्य असते. ओले गोणपाट आणि वर प्लास्टिकचा कागद घातला की थोड्या पाण्यात भागते.

परदेशी पुस्तकांत काँक्रीटवर जवसाचे तेल देण्याचा सल्ला आढळतो. तो मुख्यतः बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकणाऱ्या देशांसाठी. आपले शत्रू वेगळे: शेवाळ, आणि उन्हात वाळत घातलेली कोकमे नि चिंच. यांतील आम्ल काँक्रीटमधल्या चुन्याला खाते. डाग काढायला संडास धुण्याचे आम्ल वापरणे म्हणजे तेच नुकसान दसपट करणे. तेलाच्या डागावर मुलतानी माती आणि धुण्याच्या सोड्याचा जाड लेप रात्रभर ठेवावा. माती तेल वर शोषून घेते.

वर्गात हे पडताळता येईल. एकाच मिश्रणाच्या दोन वड्या पाडाव्यात. दुसऱ्या दिवशी एक पाण्यात ठेवावी, दुसरी उन्हात. दहा दिवसांनी पाण्यातली काढून चांगली सुकू द्यावी, मग दोन्हींवर तेलाचा एकेक थेंब टाकून तो मुरायला किती वेळ लागतो ते मोजावे आणि खिळ्याने ओरखडा काढून पाहावा.