भ्रूणाची रोपणपूर्व जनुकीय तपासणी

शरीराबाहेर फलित झालेल्या स्त्रीबीजापासून वाढणाऱ्या भ्रूणाच्या काही पेशी काढून घेऊन, त्यांतील गुणसूत्रांची संख्या व रचना अथवा एखाद्या विशिष्ट जनुकातील दोष पाहून, कोणते भ्रूण मातेच्या गर्भाशयात सोडावे याचा निर्णय करण्याची वैद्यकीय पद्धती. आज ती वंध्यत्वाच्या उपचारात सर्रास योजली जात असली, तरी तिचा उगम वंध्यत्वातून झालेला नाही. ज्या दाम्पत्यांच्या कुळात एखादी असाध्य व्याधी पिढ्यानुपिढ्या चालत आली होती आणि ज्यांना प्रत्येक गर्भधारणेत तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत जीव मुठीत धरून निदानाची वाट पाहावी लागे, त्यांची गर्भपाताच्या यातनेतून सुटका व्हावी, या हेतूने ती सिद्ध झाली.

रॉबर्ट एडवर्ड्स व रिचर्ड गार्डनर यांनी १९६८ साली सशाच्या भ्रूणातील पेशी काढून त्यांवरून लिंग ओळखता येते, हे दाखवून दिले. याच एडवर्ड्स यांच्या प्रयत्नांतून पुढे, २५ जुलै १९७८ रोजी, इंग्लंडातील ओल्डहॅम येथे पहिली टेस्टट्यूब बेबी जन्मास आली. तथापि मानवी भ्रूणाच्या एका पेशीतील डीएनए वाचण्यासाठी त्याच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ती हाती यावी लागली, आणि ती आल्यावरच लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अ‍ॅलन हँडीसाइड, रॉबर्ट विन्स्टन व त्यांचे सहकारी यांना १९९० साली यश लाभले. तपासणीसाठी आलेल्या दाम्पत्यांच्या कुळातील व्याधी मातेकडून मुलग्यांत उतरणारी असल्यामुळे त्यांनी तिसऱ्या दिवसाच्या भ्रूणातील एक पेशी काढून तीत पुरुषत्वदर्शक वाय गुणसूत्राचा मागमूस आहे की नाही एवढेच पाहिले, आणि तो न आढळलेले भ्रूण त्याच दिवशी गर्भाशयात सोडले. या रीतीत दोन उणिवा होत्या. वाय गुणसूत्र न दिसणे हाच मुलगी असल्याचा पुरावा मानावा लागे, आणि डीएनएच्या प्रती निघाल्या नाहीत तरीही ते दिसत नसे. शिवाय अशा मातेचे निम्मे मुलगे निरोगी असण्याचा संभव असताना सगळेच पुरुषभ्रूण बाजूस ठेवावे लागत. दोन वर्षांनी सिस्टिक फायब्रोसिस या रोगाच्या बाबतीत प्रत्यक्ष सदोष जनुकच वाचून निवड केलेले मूल जन्मले, तेव्हा लिंगाचा आडोसा घेण्याची गरज बरीच कमी झाली.

सांप्रत पाचव्या वा सहाव्या दिवशी, भ्रूण शंभराच्या आसपास पेशींचे झाल्यावर, ज्यापासून पुढे वार बनते त्या बाह्य आवरणातील पाचेक पेशी लेसरच्या साहाय्याने अलग करतात, भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सियसला गोठवून ठेवतात, आणि प्रयोगशाळेचा अहवाल आल्यानंतर निवडलेले भ्रूण पुढील एखाद्या पाळीत गर्भाशयात सोडतात. मातापिता दोघेही थॅलसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक भ्रूण रोगग्रस्त असण्याचा संभव चारात एक असतो, आणि कोणता दोष शोधावयाचा हे आधीच ठाऊक असल्याने तपासणीचे उत्तर बहुतांशी विश्वसनीय ठरते. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच वाचली जाण्याचा धोका टाळण्यासाठी शेजारच्या डीएनएच्या खुणाही ताडून पाहतात. असे असूनही गर्भारपणात निदान पुन्हा पडताळून घ्यावे, असाच वैद्यांचा सल्ला असतो.

गुणसूत्रांची केवळ मोजदाद करण्यासाठी, कुळात कोणताही दोष नसताना, सरसकट केल्या जाणाऱ्या तपासणीची कथा मात्र निराळी आहे. स्त्रीचे वय वाढते तसे स्त्रीबीजातील गुणसूत्रांत कमीजास्तपणा येण्याचे प्रमाण वाढते, सबब असे भ्रूण वगळल्यास यश वाढेल, हा तर्क वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु नेदरलँड्समध्ये ३५ ते ४१ वर्षे वयाच्या ४०८ स्त्रियांवर झालेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात तपासणी केलेल्या गटात अपत्यजन्माचे प्रमाण उलट कमी, २४ टक्के विरुद्ध ३५ टक्के, आढळले. नव्या पद्धतीने ६६१ स्त्रियांवर झालेल्या २०१९ सालच्या परीक्षणातही एकंदर लाभ दिसून आला नाही. याचे एक कारण असे की, एकाच भ्रूणात काही पेशी निर्दोष व काही सदोष असू शकतात, आणि आवरणावरून अंतर्भागाची परीक्षा करणे हे सालीवरून गराची परीक्षा करण्यासारखेच असते. इटलीत अशा संमिश्र पेशींचे भ्रूण १८ स्त्रियांच्या गर्भाशयात सोडले असता सहा निरोगी बालके जन्मल्याचे २०१५ साली जाहीर झाले. यावरून, जिच्यापाशी दोनतीनच भ्रूण आहेत अशा स्त्रीला केवळ अहवालाच्या आधारे त्यांतील एखादे गमवावयास लावणे किती गंभीर आहे, हे ध्यानात यावे. अनेक जनुकांच्या एकत्रित गुणांकावरून मुलाची उंची अथवा बुद्धी वर्तविण्याचा जो उद्योग अमेरिकेत चालू झाला आहे, त्याला शास्त्राचा आधार अत्यंत तुटपुंजा आहे.

भारतात या तपासणीचा विचार लिंगनिवडीच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने १९८६ साली टेस्टट्यूब बेबी जन्मली, आणि दोनच वर्षांनी, स्त्रीसंघटनांच्या चळवळीच्या रेट्यामुळे, गर्भलिंगनिदानास आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्रानेच केला. १९९४ चा केंद्रीय कायदा गर्भधारणेनंतरच्या निदानापुरता होता. भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वीच मुलगा निवडता येतो हे उघड झाल्यावर मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २००२ सालच्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही निषिद्ध ठरली. हा मज्जाव रद्द व्हावा म्हणून एका दाम्पत्याने केलेला अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळला. सहा वर्षांखालील मुलींचे दर हजार मुलग्यांमागे प्रमाण महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ होते, ते २०११ साली ८९४ वर आले. हा आकडा समोर असता, त्या निकालाची न्याय्यता वेगळी सिद्ध करण्याची गरज उरत नाही. २०२१ च्या साहाय्यक प्रजननविषयक कायद्याने ज्ञात आनुवंशिक रोगांच्या शोधापुरतीच भ्रूणतपासणीस मुभा ठेवली आहे.

थॅलसेमिया किंवा सिकलसेलचे वाहक असलेल्या दाम्पत्यास ही पद्धती खरोखर उपकारक आहे. परंतु तिचा खर्च गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांना पेलणारा नाही, आणि सिकलसेलचे ओझे सर्वाधिक त्यांच्यावरच आहे. आपण वाहक आहोत की नाही हे साध्या रक्ततपासणीने कळते. ती विवाहापूर्वी, निदान गर्भधारणेपूर्वी, प्रत्येकाने करून घ्यावी.