वर्गाचा शोध वर्गातूनच

परभाषिकांना जपानी शिकवणाऱ्या शिक्षकाकडे दीर्घकाळ कारागिराच्या दृष्टीने पाहिले गेले. भाषावैज्ञानिकाने नियम सांगावेत, पाठ्यपुस्तकाने क्रम ठरवावा आणि शिक्षकाने तो वर्गात उतरवावा, अशी ही श्रमविभागणी होती. ती मोडण्याची कारणे प्रथम वर्गाबाहेर घडली. १९८३ मध्ये जपान सरकारने एक लाख परदेशी विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट जाहीर केले. १९९० मध्ये सुधारित स्थलांतर कायदा अमलात आला आणि ब्राझील, पेरू येथील जपानी वंशाची कुटुंबे कारखान्यांच्या गावांत वसू लागली. विद्यापीठातला विद्यार्थी, कामगार आणि कामगाराचे शाळकरी मूल या तिघांना एकच पद्धत पुरेना. मग 'उत्तम पद्धत कोणती?' हा प्रश्न मागे पडून 'माझ्या वर्गात नेमके काय घडते आहे?' हा प्रश्न पुढे आला.

या प्रश्नाला हत्यार मिळाले ते कृतिसंशोधनाचे. कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये मांडलेली ही कल्पना शिनइचिरो योकोमिझो यांनी २००० मध्ये जपानी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी ग्रंथरूपात आणली. एक अडचण निवडायची, वर्गाच्या नोंदी ठेवायच्या, अध्यापनात बदल करायचा आणि पुन्हा पाहायचे, असा तिचा क्रम. आपल्याकडे बी.एड.च्या अभ्यासक्रमातून हा शब्द परिचित आहे. पण पुष्कळदा तो वहीतच राहतो. वासेदा विद्यापीठातील हिदेओ होसोकावा यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. अध्यापन आणि संशोधन ही दोन कामे नव्हेतच. आपण कशासाठी शिकवतो, हे तपासत राहणे हेच अध्यापन होय, अशी त्यांची भूमिका.

एका वर्गातले निष्कर्ष दुसऱ्या वर्गाला कसे लागू पडावेत, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. साहित्याच्या अभ्यासकाला तो फारसा अडवू नये. एका कादंबरीचे साक्षेपी वाचन सर्व कादंबऱ्यांना लागू पडावे, अशी अपेक्षा आपण कुठे करतो? ते वाचन पुढच्या वाचकाची नजर तयार करते, एवढे पुरते.

खरी अडचण वेगळी आहे. जपानमध्ये हे अध्यापन मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवक आणि अर्धवेळ शिक्षक करतात. २०२४ पासून तेथे जपानी भाषेच्या शिक्षकांसाठी राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली. नोंदणीने पात्रता सिद्ध होईल. विचार करायला लागणारी सवड मात्र तिच्यातून मिळत नाही. तासिकांवर जगणाऱ्या शिक्षकाकडून आत्मपरीक्षणाची अपेक्षा करायची, तर त्या आत्मपरीक्षणाचे तास कोणाच्या हिशेबात धरायचे? हा प्रश्न आपल्या स्टाफरूममध्येही अनोळखी नाही.