नोकरीची अडत

बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या सटाण्यात मध्यस्थाची ओळख सर्वांत आधी बाजार समितीच्या आवारात होते. शेतकऱ्याचा कांदा लिलावाला लावणारा, व्यापाऱ्याकडून पैसे मिळवून देणारा आणि त्याबद्दल शेकडा ठरावीक रक्कम कापून घेणारा तो अडत्या, आणि ती रक्कम म्हणजे अडत. ही अडत विकणाऱ्याने सोसायची की घेणाऱ्याने, हा वाद नाशिक जिल्ह्यात वर्षानुवर्षे चालला. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने ती खरेदीदाराकडून वसूल करावी असे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले. त्याच सुमारास याच शेतकऱ्यांची अभियंता झालेली मुले पुण्यात दुसऱ्या एका मध्यस्थाच्या दारात उभी होती आणि तिथे हा वाद निदान कागदोपत्री तरी मिटलेला होता, कारण माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात भरती करून देणाऱ्या संस्थेचे, म्हणजे ज्याला सगळे ‘कन्सल्टन्सी’ म्हणतात तिचे, शुल्क नोकरी देणारी कंपनी भरते. मात्र अडत कोण देतो एवढ्यावरून मध्यस्थाची सत्ता ठरत नाही, हे महाराष्ट्राच्या श्रमबाजाराचा मागचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला की ध्यानात येते.

मुंबईच्या कापडगिरण्यांत हा मध्यस्थ ‘जॉबर’ या नावाने वावरत असे. तो खात्यावर देखरेख करणारा गिरणीचाच नोकर होता, पण माणसे घेणे, काढणे, रजा देणे आणि बदली कामगार लावणे हे सारे त्याच्या मर्जीवर चाले, आणि माणसे तो बहुधा आपल्या गावची, नात्यातली किंवा चाळीतली आणी. या मर्जीची किंमत दस्तुरी म्हणून कामगाराच्या पगारातून जाई. स्त्रियांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातातील नेमणुकीचे अधिकार काढून घ्यावेत आणि गिरण्यांनी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. पुढे १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालक संघाने बदली कामगारांना कार्ड देण्याची पद्धत सुरू केली. ज्याच्याजवळ कार्ड असेल त्याने रोज सकाळी गिरणीवर हजर व्हायचे आणि रिकामी जागा आधी त्यालाच मिळायची. कार्डाने जॉबर नाहीसा झाला नाही, पण ज्या माहितीवर तो जगत होता, म्हणजे आज कोणत्या खात्यात किती जागा रिकाम्या आहेत ही माहिती, ती त्याच्या एकट्याच्या खिशात राहिली नाही.

सटाण्याचा संबंध गिरणीपेक्षा उसाशी अधिक आला. शेजारच्या मालेगाव तालुक्यात रावळगावला वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभा केला, पुढे विठेवाडीला आणि ताहाराबादजवळ शेवऱ्याला कारखाने निघाले, आणि त्या सर्वांच्या फडात ऊसतोड मुकादम हा मध्यस्थ आला. हंगामापूर्वी कारखान्याकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, तो मजुरांना वाटतो, नवरा-बायकोची जोडी एक ‘कोयता’ म्हणून मोजतो आणि तोडणीच्या दरावर वेगळे कमिशन घेतो. इथे अडत कारखाना देतो, मजूर नाही. तरीही उचल फिटेपर्यंत मजूर मुकादमाच्या मुठीत असतो.

स्वातंत्र्यानंतरच्या शासनाने या मध्यस्थाला दोन वेगळ्या वाटांनी बाजूला सारू पाहिले. पहिली वाट हमालांच्या लढ्यातून निघाली: अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला आणि टोळीचा मुकादम व व्यापारी यांच्या जागी मालक-कामगार-शासन अशा तिघांचे मंडळ आले, मालकाने मजुरी आणि तिच्यावरचा आकार मंडळात भरायचा व मंडळाने ती कामगाराला द्यायची, अशी ही रचना आजही भारतात विरळा आहे. दुसरी वाट सेवायोजन कार्यालयाची. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना कामे देण्यासाठी १९४५ मध्ये उघडलेली ही कार्यालये पुढे सर्वांना खुली झाली, आणि रिकाम्या जागा कळवणे सक्तीचे करणारा १९५९ चा कायदा १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मले त्याच दिवशी, अमलात आला. पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांनाही तो लागू करता येत होता. मात्र कार्यालयाने पाठवलेला उमेदवार घेतलाच पाहिजे असे बंधन मालकावर नव्हते, हे कायद्यातच स्पष्ट लिहिले होते. दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी उघडणाऱ्या यशवंतराव भोसेकर या मामलेदाराचे ज्या गावाने मंदिर बांधले आणि ज्याच्या नावाने दरवर्षी यात्रा भरते, त्या सटाण्यात सेवायोजन कार्यालयाच्या नोंदणी कार्डावर विश्वास बसावा यात नवल नव्हते. दोन पिढ्यांनी ते कार्ड वेळोवेळी नूतनीकरण करून ट्रंकेत जपले. खासगी क्षेत्राने त्याच्याकडे फारसे पाहिले नाही.

माहिती-तंत्रज्ञानाचा उद्योग या दोन्ही वाटांच्या बाहेर वाढला. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने (टीसीएस) सत्तरच्या दशकातच परदेशी संगणकांसाठी काम सुरू केले, १९८१ मध्ये इन्फोसिसची नोंदणी पुण्यात झाली, आणि भारतीय प्रोग्रामर ठरावीक मुदतीसाठी परदेशी ग्राहकाच्या कचेरीत नेऊन बसवण्याचा धंदा, ज्याला या क्षेत्रात ‘बॉडी शॉपिंग’ म्हणतात, तो अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यातील एच-वन-बी व्हिसा आणि १९९९ च्या वायटूके, म्हणजे संगणकांतील सन २००० च्या तारखेच्या दोषाच्या, दुरुस्त्या यांच्या जोरावर फोफावला. इकडे १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली होती. नाशिकमध्ये १९८४ मध्ये के. के. वाघ महाविद्यालय निघाले आणि कांदा-डाळिंबाच्या पैशावर शिकलेली मुले पदवी घेऊन हिंजवडीच्या वाटेला लागली. मोठ्या कंपन्या कॅम्पस भरतीसाठी निवडक महाविद्यालयांतच जात असल्याने उरलेल्यांना ‘ऑफ कॅम्पस’ म्हणजे स्वतःच्या खटपटीने नोकरी शोधणे भाग होते, आणि ज्या गावाला आजही रेल्वे नाही तिथून ही खटपट मध्यस्थाशिवाय होणे अवघड होते. १९९७ मध्ये सुरू झालेल्या नोकरी डॉट कॉमने जाहिरात घरपोच केली, पण उमेदवारांची ती प्रचंड यादी चाळण्यासाठी पैसे भरून आत शिरणाऱ्यांत कन्सल्टन्सीच पुढे होत्या.

या मध्यस्थाचे काम कसे चालते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. कंपनी जागेचे वर्णन एकाच वेळी अनेक कन्सल्टन्सींना पाठवते. तिथली रिक्रूटर मुलगी, जी स्वतः बहुधा नुकतीच पदवी घेतलेली असते, दिवसभर फोन लावून तीनच गोष्टी विचारते: सध्याचा वार्षिक पगार किती, अपेक्षा किती, आणि नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर थांबण्याची मुदत, किती दिवसांची. मग उमेदवाराच्या बायोडेटावरून त्याचा फोन नंबर व ईमेल पुसला जातो, वर कन्सल्टन्सीचे बोधचिन्ह बसते आणि तो कंपनीच्या प्रणालीत चढतो. ज्या कन्सल्टन्सीने नाव आधी चढवले तिचा त्या नावावर काही महिने हक्क राहतो, म्हणून ‘माझ्या वतीने तुम्हीच अर्ज करा’ अशी लेखी संमती ईमेलवर मागितली जाते. दोघींनी तेच नाव पाठवले तर वाद नको म्हणून कंपनी कित्येकदा उमेदवारालाच बाजूला करते. नेमणूक झाली की वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे बरोबर एका महिन्याचा पगार, हे प्रचलित शुल्क कंपनी देते, आणि माणूस ठरलेल्या मुदतीत, पुष्कळदा नव्वद दिवसांत, सोडून गेला तर दुसरा माणूस फुकट द्यावा लागतो. नव्या माणसाने पहिले तीन महिने टिकावे म्हणून कन्सल्टन्सी दाखवते ती काळजी आणि नंतर न उचलले जाणारे फोन, या दोन्हींचा उलगडा या एका अटीत होतो. अडत माल घेणारा देत असेल तर अडत्या त्याच्याच बाजूने बोलणार, हे बागलाणच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याच्या मुलाला मात्र कन्सल्टन्सी आपल्यासाठी काम करते असे अनेक दिवस वाटत राहते.

जिथे कंपनी पैसे देत नाही, तिथे दस्तुरी पुन्हा उगवली. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ची हमी देणारे क्लास, मागच्या दाराने नोकरी लावून देतो म्हणून रोकड मागणारे दलाल, लॅपटॉपची अनामत भरा म्हणणारी बनावट नेमणूकपत्रे आणि न केलेल्या कामाचे अनुभवपत्र विकणाऱ्या नावापुरत्या कंपन्या ही या बाजाराची काळी बाजू होय. उद्योगाने स्वतःला वाचवण्याची तजवीज आधी केली: नॅसकॉम या उद्योगाच्या संघटनेने २००६ मध्ये बोटांच्या ठशांसह नॅशनल स्किल्स रजिस्ट्री सुरू केली, आणि २०१४ मध्ये भविष्यनिर्वाह निधीला सार्वत्रिक खाते क्रमांक जोडल्यानंतर कोणी कुठे किती दिवस खरोखर नोकरीत होता हे तपासणे सोपे झाले. खोटा अनुभव दाखवलेला मुलगा या तपासणीत सापडतो आणि नोकरीला मुकतो. ते पत्र विकणारा बहुतेक वेळा मोकळाच राहतो. भरतीच्या साखळीचे दुसरे टोकही स्वच्छ नव्हते. मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थांशी लागेबांधे असल्याच्या तक्रारीवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये टीसीएसने १६ कर्मचाऱ्यांना कामावरून दूर केले आणि सहा पुरवठादारांवर बंदी घातली. जॉबरला अधिकार दिले की दस्तुरी येतेच, या १९३१ च्या निरीक्षणाला नव्वद वर्षांनी मिळालेली ही पुष्टी म्हणता येईल.

कायद्याचे या मध्यस्थाकडे लक्ष नव्हते असे नाही, पण ते फार निवडक होते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परदेशी भरती करणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची केली आणि त्याच्या शुल्काला मर्यादा घातली. मात्र दहावी उत्तीर्ण झालेल्यांना साधारणपणे उत्प्रवास परवान्याची गरज राहिली नाही, म्हणून आखातात जाणारा गवंडी या छत्राखाली आला आणि अमेरिकेला जाणारा अभियंता बाहेर राहिला. खासगी रोजगार संस्थांनी उमेदवाराकडून पैसे घेऊ नयेत असे सांगणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार भारताने स्वीकारलेला नाही. शिकलेला माणूस स्वतःचे हित पाहू शकतो, हे या सगळ्यामागचे न बोललेले गृहीतक आहे, आणि पहिल्या पिढीतल्या पदवीधराच्या बाबतीत ते फारसे खरे ठरत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९५९ चा कायदा आपल्यात सामावून घेताना सेवायोजन कार्यालयाला ‘करिअर सेंटर’ असे नवे नाव दिले. मालकावर निवडीचे बंधन त्यातही नाही.

मधल्या काळात कंपन्यांनी स्वतःच कन्सल्टन्सीला एक स्वस्त पर्याय उभा केला. कर्मचाऱ्याने ओळखीचा माणूस सुचवावा आणि तो लागला तर कर्मचाऱ्याला बक्षीस मिळावे, ही ‘रेफरल’ची पद्धत आज सर्वत्र आहे, आणि तिचे बक्षीस कन्सल्टन्सीच्या शुल्काहून सहसा बरेच कमी पडते. वाकड-हिंजवडीच्या भाड्याच्या खोल्यांत सटाणा, देवळा, कळवणची मुले एकत्र राहतात, कंपनीतली जागा आधी खोलीत कळते, मग गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते, आणि जॉबर जसा आपल्या गावची माणसे खात्यात भरी तशी आता एका गावची चार-पाच मुले एकाच कंपनीत दिसू लागली आहेत. पुण्यात ज्याचा थोरला भाऊ किंवा वर्गमित्र आधी लागलेला नाही, त्याला कन्सल्टन्सीशिवाय अजूनही वाट नाही.